दातांखालची कातडी

मी एक दातेरी चिमटा बोलतोय. त्या दिवशी टेबलावर चोवीस उंदीर होते की सव्वीस, हे मला आता छातीठोकपणे सांगता येणार नाही. पोलादाला विसर पडत नाही असं लोक समजतात. मी तरी विसरतो. रक्त मात्र आठवतं.

माझ्या एका टोकाला दोन दात, दुसऱ्याला एक. मिटले की एकमेकांत रुततात. मी प्रयोगशाळेत आलो तेव्हा सर्जन असलेले सर आणि त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरबाई उंदरांच्या पाठीवर काम करत होते. भूल दिलेल्या उंदराची पाठ भादरायची, तीन बाजूंनी चिरायची आणि कातडीची लांब पट्टी मांसापासून सोडवायची. तिला ते फ्लॅप म्हणत. चौथी बाजू अंगाला जोडलेली. रक्त तेवढ्याच वाटेने येणार. मग पट्टी जागच्या जागी शिवायची. शुद्धीवर आलेला एखादा उंदीर स्वतःचेच टाके कुरतडून पाठ फाडून घ्यायचा. सात दिवसांत पट्टीचं टोक काळं पडून मरायचं. किती मेलं ते मोजायचं आणि उंदराची मान मोडायची. सरांच्या औषधाने कातडी जास्त जगते का, एवढाच प्रश्न होता.

औषध दिलेले उंदीर आधी झाले. बाईंनी त्यांची कातडी बारीक आकडीने, अलगद उचलली. मग आकडी निसटून फरशीवर पडली आणि तिचं टोक वाकलं.

"चिमटा घे," सर म्हणाले.

"दातेरी आहे, सर. कातडी चिरडेल."

"उंदराच्या पाठीचे एवढे लाड? तो काय तक्रार करणार आहे?"

"तक्रार नाही करत, सर. चावतो," सरांच्या अंगठ्यावरच्या चिकटपट्टीकडे बघत बाई म्हणाल्या. सर हसले.

उरलेले, तुलनेसाठी बिनऔषधाचे ठेवलेले उंदीर माझ्या वाट्याला आले. मी चावलो, दाबून धरलं, ओढलं. कातडी दातांखाली कचकन फुटल्याचं मला आठवतं. की ते मी नंतर रचलं? सातव्या दिवशी त्या पाठी अर्ध्या काळ्या होत्या. औषधवाल्यांच्या गुलाबी. सरांनी टाळी वाजवली.

त्याच भरवशावर त्यांनी छापखान्यातल्या एका कामगाराच्या, यंत्रात सोलवटलेल्या हातावर नेहमीपेक्षा लांब फ्लॅप बसवला आणि औषध सुरू केलं. आठवड्याने बाई प्रयोगशाळेत आल्या आणि त्यांनी मला तबकात आदळलं.

"काळा पडला, सर. तीन बोटं कापावी लागली. त्याची बायको विचारतेय, उंदरांना जमलं ते माझ्या नवऱ्याला का नाही?"

"अगं, पण आपले आकडे..."

"ते आकडे औषधाचे कशावरून? चिमट्याचे असतील!"

"वाटेल ते बोलू नकोस."

पुढे कित्येक वर्षं मी खणात पडून स्वतःशी वाद घातला. धरणारा हात दुसऱ्याचा होता, हे म्हणणं सोपं. पण दात तर माझेच. शिवाय औषध खरंच गुणकारी असेल आणि मी उगाच स्वतःला एवढं महत्त्व देत असेन, असंही वाटायचं.

सर गेल्यावर, केस पांढरे झालेल्या बाईंनी मला बाहेर काढलं. वीस उंदीर. दहांची कातडी आकडीने उचलली, दहांची माझ्याने. सातव्या दिवशी मोजलं. आकडीच्या पाठी जवळजवळ शाबूत, माझ्या अर्ध्या काळ्या. औषध एकालाही दिलेलं नव्हतं.