बांधप्रमुखांचं नाक

कलेला देश नसतो, काळ नसतो, आणि खऱ्या चित्राला कुणी मोजपट्टी लावू शकत नाही. आमच्या पोल्डरच्या, म्हणजे पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनीच्या, पाणीमंडळाने लावली. सेंटीमीटरमध्ये लावली, आणि मंडळाचा सचिव या नात्याने मी ती इतिवृत्तात नोंदवली.

१९५६ साली आमचे बांधप्रमुख, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, गेरब्रांड राउटेनबेक चोवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत होते. सभागृहाच्या भिंतीवर आधीच्या अकरा बांधप्रमुखांची चित्रं आहेत. अकरा काळे कोट, अकरा पांढऱ्या कॉलरी, आणि चेहरा बहुधा एकच. युद्धात जर्मन लोक पितळ गोळा करत फिरू लागले तेव्हा आम्ही नावांच्या पाट्या काढून पुरून ठेवल्या. नंतर त्या परत लावल्या, अंदाजाने. एकाही वारसाची तक्रार आली नाही. तर या भिंतीवरची बारावी जागा आपल्याला मिळावी, एवढी एकच इच्छा राउटेनबेकांनी आयुष्यात तोंडाने बोलून दाखवली होती.

युद्धानंतर सगळंच नवं हवं असं मंडळातल्या कुणाला तरी वाटलं, म्हणून ॲमस्टरडॅमहून अलाइडा फोस नावाची चित्रकर्ती आली. अख्खा मे महिना तिने बांधप्रमुखांना पंपघरापाशी, पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीशेजारी, वाऱ्यात उभं केलं.

जूनच्या सभेत कॉफी झाली, प्रत्येकी एक बिस्किट झालं, डबा बंद झाला, आणि चित्रावरचं कापड निघालं.

करडं-हिरवं काहीतरी उभं होतं. मधोमध पांढरा खांब, त्यावर काळ्या आडव्या खुणा. खाली दोन फराटे, ते पाय असावेत किंवा चर. आणि वरच्या बाजूला एक लालभडक ठिपका.

"यात आमचे साहेब कुठले?" कुणीतरी विचारलं.

"अहो, हा गेरब्रांडच," त्यांची बायको ग्रीत म्हणाली. "जेवायला हाक मारली तरी असाच उभा राहतो."

राउटेनबेकांचा जीव भांड्यात पडला. तो तिथे राहिला असता, पण टेउनिस काउपर खुर्चीतून उठला. टेउनिसचं कुरण पोल्डरच्या अगदी तळाशी. तो चित्राजवळ गेला आणि बोटाने खुणा मोजू लागला.

"बाई, ही पट्टी तुम्ही समोर बघून काढलीत?"

"मला जे दिसतं तेच मी काढते," अलाइडा बाणेदारपणे म्हणाली. कलावंताने शेतकऱ्यापुढे बाणेदारपणा करू नये.

"मग हे बघा मंडळी. एक खूण म्हणजे दहा सेंटीमीटर. उन्हाळ्याची ठरलेली पातळी इथे, आणि पाणी आहे इथे, लाल ठिपक्यावर. दोन खुणा वर! चोवीस वर्षं विचारतोय माझ्या गायी गुडघाभर पाण्यात का. आज कुणीतरी खरं चित्र काढलं."

"ते पाणी नाही," अलाइडा म्हणाली. "ते नाक आहे. वाऱ्याने लाल झालं होतं."

सगळ्यांनी राउटेनबेकांच्या नाकाकडे पाहिलं. ते आतासुद्धा लाल होतं.

"पाणी कधी लाल असतं का रे, टेउनिस?" राउटेनबेक म्हणाले.

"आधुनिक चित्र आहे, साहेब. यात पाणी कुठल्याही रंगाचं असतं."

इथे सांगायला हवं की राउटेनबेकांचं घर आजोबांच्या वेळी ओल्या जमिनीत ठोकलेल्या लाकडी खुंटांवर उभं आहे. खुंट पाण्याखाली असले की शंभर वर्षं टिकतात, डोकी उघडी पडली की कुजतात. पाणी चढं राहण्यात बांधप्रमुखांचा काही स्वार्थ आहे असं आमच्यात कुणी म्हणत नसे. चोवीस वर्षं कुणीही म्हणत नव्हतं, आणि सगळे एकत्रच म्हणत नव्हते.

आम्ही मतदान करत नाही. सर्वात हट्टी माणसाची गायींच्या धारा काढायची वेळ होईपर्यंत बोलतो. साडेचारला एकमत झालं: लाल ठिपका दोन खुणा खाली यावा, आणि चित्रात व पोल्डरमध्ये तफावत राहू नये म्हणून पंपवाल्या सिप्केने पाणीही तेवढंच खाली आणावं. बांधप्रमुखांना हे मान्य नसेल, तर चित्र पंपघरात, डिझेल इंजिनासमोर लागेल.

"पण दोन खुणा खाली घेतलं तर नाक पोटावर येईल!" अलाइडा म्हणाली.

"येऊ दे," टेउनिस म्हणाला. "माणसाने कधीतरी नाक खाली घ्यावं."

ग्रीत नवऱ्याच्या कानाशी वाकली. कुजबुज तिला कधीच जमली नाही. "गेरब्रांड, खुंट उघडे पडतील. घर आहे ते आपलं."

राउटेनबेक भिंतीकडे बघत होते. अकराव्या चित्राशेजारी एक रिकामा खिळा होता. सकाळी मीच ठोकला होता.

"घ्या खाली," ते म्हणाले.

"नाक की पाणी?" अलाइडाने विचारलं.

"दोन्ही."

तिने दहा मिनिटांत काम उरकलं, सही केली आणि पाचची बस पकडली. चित्र त्याच संध्याकाळी लागलं. राउटेनबेक त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते. अगदी चित्रासारखेच.

याला आता सात वर्षं झाली. सभागृहात येणारे पाहुणे बारा चित्रांपैकी याच एकासमोर थांबतात आणि पोटावरचं लाल पदक कसलं म्हणून विचारतात. पाणीव्यवस्थापनाबद्दल मिळालं, असं मी सांगतो. टेउनिसच्या गायी कोरड्यात चरतात.

राउटेनबेकांचं घर रस्त्याच्या बाजूला अकरा सेंटीमीटर कललं आहे.