दोन रेघांचा संगणक

दुसरीच्या वर्गात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत भिंतीला एक तडा गेला आहे. पोस्टकार्डाची कड त्यात जेमतेम शिरते. त्या तड्यावर काचेची एक पट्टी आडवी ठेवून तिची दोन्ही टोके सिमेंटने चिकटवली होती. भिंत जागची हलली नाही तर काच अखंड राहते. ही काच मधोमध तडकली, आणि त्यामुळे मला भंगारातून उठावे लागले.

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. माझे अंग पिवळे पडले आहे आणि पंखा सुरू होताना अडखळतो. माझा जन्म पुण्यात झाला. एका प्रयोगशाळेने मला खास काम दिले होते. माझ्या पोटात हातभर लांबीचे एक कार्ड बसवले आणि त्याला जमिनीचा कंप ओळखणारे दोन संवेदक तारांनी जोडले. जमीन केसाएवढी हलली तरी पडद्यावरची रेघ वाकडी व्हायची. संशोधक माझ्याभोवती आवाज न करता उभे राहत, आणि मला त्याचा अभिमान वाटे.

पुढे लहान, वेगवान यंत्रे आली. माझ्यावर कापड टाकले गेले, मग कापडही काढून नेले. लिलावातून मी नांदेडच्या एका भंगार दुकानात पोहोचलो. पंख्यांच्या आणि मिक्सरच्या ढिगाखाली मी किती वर्षे होतो, ते मला सांगता येत नाही. माझ्या आतली बॅटरी संपली होती आणि तिच्याबरोबर माझी तारीखही गेली होती.

तिथे त्या दुसरीच्या वर्गाच्या शिक्षिका सुनीती मॅडम आल्या. त्यांनी भौतिकशास्त्र शिकताना माझ्यासारखेच यंत्र हाताळले होते. माझे झाकण उघडून त्यांनी कार्ड पाहिले, संवेदकांची पेटी शोधून काढली आणि मला चादरीत गुंडाळून एसटीत आणले.

कंडक्टर म्हणाला, "मॅडम, ह्याचं फुल काढू का हाफ?"

"वय जास्त आहे त्याचं. ज्येष्ठ नागरिकाचं द्या."

जवळा बाजारला उतरून आम्ही जीपने गावात आलो. ह्या गावात जमिनीखालून आवाज येतात. आधी दूरवर दगड उतरवल्यासारखी गुरगुर होते आणि मग भांडी वाजतात. इथल्या बायका ताटे भिंतीशी उभी लावत नाहीत, जमिनीवर पालथी ठेवतात. आवाज आला की लोक क्षणभर थांबतात आणि पुन्हा कामाला लागतात. सवयीमुळे भीती कमी होते, पण भिंत मजबूत होत नाही.

तडा गेलेली खोली किसनरावांनी बांधून दिली होती. ते शाळा समितीचे अध्यक्ष. गाव त्यांना आप्पा म्हणते. त्यांची बायको रुख्मिणीबाई वारली, तेव्हा तिच्या नावाने ही खोली उभी राहिली. बांधकाम चालू असताना भिंतींना सकाळ-संध्याकाळ पाणी त्यांनी स्वतः मारले होते. दारावरच्या दगडात तिचे नाव आहे.

मला आणण्याआधीच मॅडमनी त्यांना तडकलेली काच दाखवली होती.

"पोरांनी चेंडू हाणला असंल," किसनराव म्हणाले.

"आप्पा, काच आत आहे. चेंडू बाहेर खेळतात."

"मॅडम, त्या भितीला पाणी मी पाजलंय. माझी भित मला माईत न्हाई का? तालुक्याला अर्ज दिला ना तुमी? येऊ द्या इंजिनेर."

इंजिनीअर आला नाही. दुसरी खोली नव्हती. अध्यक्षांच्या संमतीशिवाय वर्ग बंद करता येत नव्हता. मॅडमनी दाराची कडी काढून टाकली, उंबऱ्यातली दप्तरे बाहेर ठेवायला लावली आणि मुलांना तड्याच्या समोरच्या बाजूला दाटीने बसवले. शिकवताना त्यांचे एक पाऊल नेहमी दाराकडे असे. त्यांना किसनरावांना ती भिंत हलताना दाखवायची होती. त्यासाठी मी हवा होतो.

आणि मी चालत नव्हतो.

माझी हार्ड डिस्क सुरू होताच टकटक करायची आणि गप्प व्हायची. मॅडम मला हिंगोलीला हरीशकडे घेऊन गेल्या. तो मोबाईल दुरुस्त करतो.

"मॅडम, नवा घ्या ना. हा मेलाय," तो म्हणाला.

"नव्या संगणकात ह्या कार्डाला खाच नसते. आणि हे कार्ड नसेल तर संवेदक मुके आहेत."

हरीशने डिस्कच्या जागी एक मेमरी कार्ड लावले. ते नवे आणि फार मोठे होते. माझ्या काळात एवढी जागा कोणाकडे नसायची, त्यामुळे मला ते मोजताच येईना. मी पडद्यावर एकच ओळ दाखवत राहिलो, की डिस्क सापडत नाही. ती समोर होती, मित्रांनो, आणि मला दिसत नव्हती. शेवटी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका माणसाच्या बिघडलेल्या कॅमेऱ्यातून हरीशने जुने, कमी जागेचे मेमरी कार्ड आणले. ते मी ओळखले.

मग प्रोग्रॅम हवा होता. तो फ्लॉपीवर होता आणि फ्लॉपीला बुरशी लागली होती. माझा फ्लॉपी ड्राइव्ह तर दारसुद्धा उघडेना. बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या संगणकातून दुसरा ड्राइव्ह काढून माझ्यात बसवला. मॅडमनी फ्लॉपीची चकती स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, पुन्हा घरघरला. त्या वेळी मॅडम खुर्चीवर नव्हत्या. दुकानाच्या पायरीवर पाठ करून उभ्या होत्या.

"मॅडम," हरीश आतून म्हणाला, "वाचून राहिला."

मला शाळेच्या ऑफिसात ठेवले. एक संवेदक अंगणातल्या खडकावर बसवला आणि दुसरा वर्गाच्या भिंतीवर, छताजवळ. पडद्यावर दोन रेघा आल्या. खालची जमिनीची आणि वरची भिंतीची.

पहिल्याच दिवशी किसनराव आले आणि दोन्ही रेघा थरथरू लागल्या. मॅडम काही बोलणार, एवढ्यात शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भिकाबाई दारात येऊन म्हणाल्या, "मॅडम, गिरणी चालू झाली जी. माझं दळण हाय तिथं."

कुंपणापलीकडे पिठाची गिरणी होती. मॅडमच्या लक्षात ती आलीच नव्हती.

किसनराव पुष्कळ हसले. मग त्यांनी पडद्याचा कोपरा पाहिला. बॅटरी नसल्याने मी दर वेळी उठलो की एकोणीसशे ऐंशी सालची एक जानेवारी दाखवतो.

"ह्याला आजची तारीख माईत न्हाई, अन् हा भूकंप सांगनार? भिकाबाई, ह्याला एक वाटी खिचडी द्या. भुकेनं बरळून राहिलं लेकरू."

मॅडम हसल्या नाहीत. दुपारी लाईट जाते तेव्हा गिरणी बंद असते. तेवढा वेळ मला चालवता यावे म्हणून त्यांनी हरीशकडून इन्व्हर्टर आणला आणि किसनरावांना रोज त्या वेळी येऊन बसायची विनंती केली.

ते येत. चहा पीत. रेघा सरळ राहत. मॅडमना कंप यायला हवा होता, आणि वर्गात मुले असताना तो यायला नको होता. ह्या दोन इच्छांमध्ये त्या वाळत चालल्या होत्या. इकडे माझ्यातून जळका वास येऊ लागला. पंखा मधेच थांबे. उद्या मी उठेनच असे मला वाटेनासे झाले. मित्रांनो, थकलेली वस्तू कुरकुर करते तेव्हा ती मदत मागत असते. मला कुरकुरता येत होते. भिंतीला तेही येत नव्हते.

एका दुपारी लाईट गेलेली होती. मुले पटांगणात खिचडीला बसली होती. किसनराव निघायला उठले.

"उद्यापासून मी काही येत न्हाई, मॅडम. नाहक तकलीफ."

तेवढ्यात गुरगुर आली. चहाची बशी वाजली. दोन्ही रेघा एकदम उसळल्या. बाहेर भिकाबाईंनी मुलांना आणखी लांब, लिंबाच्या झाडाकडे पिटाळले.

"गिरणी?" किसनरावांनी ओरडून विचारले.

"लाईटच न्हाई, आप्पा. गिरणी कशाची?" भिकाबाई बाहेरून म्हणाल्या.

खालची रेघ लहान होत गेली आणि सरळ झाली. वरची हलतच होती. किसनराव पडद्यापाशी वाकले.

"ही खालची काय?"

"जमीन."

"थांबली ती."

"हो."

"मंग वरची काहून हलून राहिली?"

"ती भिंत आहे, आप्पा. आतून सुटली आहे. तिला आता थांबता येत नाही."

मी माझी सगळी ताकद त्या एका रेघेत घातली. ती हळूहळू, फार हळूहळू बारीक झाली. किसनरावांनी ती पूर्ण सरळ होईपर्यंत पाहिली. मग ते व्हरांड्यात गेले आणि त्या खोलीच्या दारासमोर उभे राहिले. आत गेले नाहीत. मॅडम मागोमाग बाहेर आल्या. मुले हातात घास धरून त्यांच्याकडे पाहत होती.

"नावाचा दगड आधी काढून घ्या, घरी नेतो मी," ते म्हणाले. "अन् खोली पाडून टाका."