बाबाने पास केलेलं कॅबिनेट

माझा कॉम्प्युटर तासाभरात तापून बंद पडत होता आणि सोमवारी दुपारपर्यंत मला दोन मिनिटांची कार्टून फिल्म द्यायची होती. नव्या स्टुडिओचं पहिलंच काम. ते चुकलं असतं तर दुसरं मिळणार नव्हतं. दोष कॅबिनेटचा, म्हणजे सगळे पार्ट ज्या खोक्यात बसतात त्याचा. हवा जायला वावच नाही, आत नुसती भट्टी. शनिवारी सकाळी नवं आणायला निघाले, तर बाबा चपला घालून दारात हजर.

"मी पण येतो. पत्र्याचं काम आहे ना."

माझ्या बाबाने, नंदकिशोरने, भांडुपच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लोखंडी कपाटं तपासली. पास केलेल्या प्रत्येक कपाटाच्या दाराला आतून, गिऱ्हाइकाला सहसा दिसणार नाही अशा कोपऱ्यात, तो खडूने 'नंद' लिहायचा. आमच्या घरच्या कपाटावरची ती सही मी लहानपणी पुसली, तेव्हा आयुष्यात एकदाच त्याचा मार खाल्लाय. आठ महिन्यांपूर्वी तो रिटायर झाला आणि घरातली बिजागरी न् बिजागरी तपासून त्याने आमचं डोकं खाल्लं. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या लिफ्टचं दारही त्याने नापास केलंय. त्याला बरोबर न्यायची मला चक्क लाज वाटत होती.

घाटकोपरला धवलच्या कॉम्प्युटर पार्टच्या दुकानात मी आधीच पसंत केलेलं कॅबिनेट काउंटरवर आलं. पुढून काच, बाजूने काच, आत रंग बदलणारे पंखे. एकदम झकास!

बाबाने त्यावर टकटक केलं. "पापड आहे पापड." मग आतल्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोटावरचा ओरखडा मला दाखवला. "कड दुमडलेलीच नाही. उद्या वायर कापेल."

"बाबा, प्लीज ना यार. हे कपाट नाहीये."

"हवा कुठून जाते?"

"पुढून, काका," धवल म्हणाला. "तीन पंखे आहेत ना."

"पुढे तर काच आहे."

"कडेला फट दिलीय."

धवलने पंखे चालू केले. बाबाने गल्ल्यामागच्या लक्ष्मीला हात जोडले आणि तिच्यासमोरची जळती उदबत्ती उचलून काचेपाशी धरली. दोन गिऱ्हाइकांनी लगेच मोबाइल काढले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"गंधाली, बघ."

बघितलं. धूर काचेला लागून सरळ वर छताकडे गेला. फटीतून आत शिरला असेल तो नावापुरता.

मग बाबाने कोपऱ्यातलं एक काळं, जाळीचं कॅबिनेट मागितलं. दिवे नाहीत, काच नाही. धवलने तेच पंखे त्यात जोडले. धूर जाळीतून आत गेला आणि मागून बाहेर आला. बाबाने कडा तपासल्या; सगळ्या दुमडलेल्या. खालची धुळीची जाळी ओढली, ती अलगद हातात आली.

"हे बरं. आपल्याकडे धूळ कमी आहे का? दर रविवारी धुवायची."

"दिसायला डबा आहे," मी म्हणाले.

"तुला काय, बघत बसायचंय की काम करायचंय?"

मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं. डबा घेतला.

निघताना धवल म्हणाला, "काका, नवीन माल आला की फोन करू?" बाबा नुसता खाकरला, पण स्टेशनपर्यंत छाती काढून चालला.

घरी येऊन मी पार्ट बसवले. कॉम्प्युटर एक तास चालला, दोन तास चालला, रविवारी दिवसभर चालला. संध्याकाळी फिल्म पूर्ण झाली आणि मी ती पाठवूनही दिली. मला बाबाचा भयंकर अभिमान वाटला, आणि शनिवारी वाटलेल्या लाजेचीच लाज वाटली.

कॅबिनेटचं बाजूचं दार काढून मी त्याच्यापुढे धरलं. "सही कर."

"कसली सही? मी आता कुठे इन्स्पेक्टर आहे गं?"

"मग हे पास कोणी केलं?"

दार उजेडात धरून त्याने चारही कडांवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. लेकीचं असलं म्हणून न बघता सही करणारा माणूस नाही तो. मी खडू शोधायला उठले.

"बस," तो म्हणाला आणि शर्टाच्या खिशातून खडूचा तुकडा काढला. आठ महिने तो रोज खिशात होता, हे मला माहीतच नव्हतं.