अर्ध्या बाटलीची चुगली

मी एक जुनी फौजी पाण्याची बाटली आहे. अंग अॅल्युमिनियमचं, वरून हिरव्या जाड कापडाचं कव्हर, तोंडाला साखळीनं अडकवलेलं बूच. मुखेडजवळच्या एका गावात, दाराशेजारच्या खुंटीवर मी असते. माझ्या हिरव्या कव्हरावर एक गुलाबी ठिगळ आहे. फौजेच्या वस्तूला गुलाबी ठिगळ कसं, ते सांगते, मित्रांनो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरात आले आणि एकोणीस वर्षांच्या एका रंगरुटाच्या हाती पडले. ते शेषेराव. पहिल्याच लांबच्या मार्चला त्यांनी वाटेत चार घोट घेतले आणि मला परत कमरेला लावलं. चालताना माझ्या पोटातलं पाणी छपछप वाजायला लागलं. कवायत शिकवणाऱ्या उस्तादांनी सगळी रांग थांबवली.

"किसकी बोतल बोल रही है?"

शेषेराव पुढं झाले.

"बोतल या तो भरी रखो, या खाली. आधी बोतल चुगली करती है. दुश्मन को बता देती है, तू कहाँ है."

उरलेलं पाणी त्यांना तिथंच उभ्यानं संपवावं लागलं. तो नियम ते जन्मभर विसरले नाहीत.

पुढं आम्ही पुष्कळ फिरलो. दोरावरून नदी ओलांडताना ते पडले ते माझ्यावरच. मला पोचा आला, त्यांची बरगडी वाचली. बर्फातल्या चौकीवर पाणी गोठू नये म्हणून ते मला पांघरुणात घेऊन झोपत. त्यांच्या बायकोची, चतुराबाईंची पत्रंही तिथंच असत.

एका सुट्टीत ते चतुराबाईंना आणि त्यांच्या लहानग्या मुलाला, वैजनाथला, सहस्रकुंडचा धबधबा दाखवायला निघाले. किनवटकडच्या जंगलातून जवळची वाट काढतो म्हणाले आणि चुकले. दोन तास नुसते सागच साग. चतुराबाई एका दगडावर बसल्या.

"बॉर्डर राखता म्हणं तुम्ही! एवढा मोठा धबधबा घावंना व्हय?"

"आवाज तर येऊन राहिला ना?"

"आवाज माझ्या पोटात येऊन राहिला. भाकरी सोडा आधी."

त्या दिवशी काट्यात माझं कव्हर फाटलं. घरी आल्यावर चतुराबाईंनी पोलक्याचं उरलेलं गुलाबी कापड लावून ते शिवलं. पलटणीतले जवान लई हसले. शेषेरावांनी ठिगळ काढलं नाही.

ते पेन्शनीवर निघाले तेव्हा पोच्यामुळं मी भंगारात निघाले होते. त्यांनी मला मागून घेतलं. मग मी रोज दोघांबरोबर शेतात जाऊ लागले. चतुराबाईंची एक सवय होती. त्या पाणी प्यायच्या ते बरोबर अर्धं. अर्धं धन्यासाठी ठेवायच्या.

"अर्धी ठेवू नको गं," शेषेराव म्हणायचे. "चुगली करते."

"करू द्या की. तुम्ही कुठं हाव ते तरी कळतंय मला."

पुढं घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी खुंटीवर गेले. कोळ्यानं माझ्या साखळीवर जाळं केलं. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. घरात दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

गेल्या वर्षी चतुराबाई आजारी पडल्या. नांदेडच्या दवाखान्यातलं पाणी त्यांना गोड लागेना. शेषेरावांनी मला खुंटीवरून काढलं, घासलं आणि घरच्या बोअरचं पाणी भरून नेलं. एका दुपारी त्या मला तोंडाला लावून हळूहळू प्यायल्या.

"अर्धं ठेवलंय. प्या. सकाळपासून घोट न्हाई तुमच्या तोंडात."

"पितो की. आधी खालून रिपोर्ट आणतो."

ते रिपोर्ट घेऊन जिना चढून आले, तेव्हा चतुराबाई गेल्या होत्या.

मी अर्ध्या पाण्यानिशी घरी आले. शेषेरावांनी मला खुंटीला लावलं आणि सगळ्यांना बजावलं, हिला हात लावायचा नाही. रोज सकाळी ते मला कानाशी नेऊन हलवत. छपछप ऐकत आणि परत ठेवत. असे सात महिने गेले. पाण्याला वास यायला लागला. आतून मी काळी पडत चालले होते.

वैजनाथची मुलगी दीपमाला कॉलेजात एनसीसीत आहे. तिचा कॅम्प किनवटला लागला.

"आबा, तुमची बाटली नेऊ का?"

"न्हाई. प्लास्टिकची ने."

"फौजीची नात अन् प्लास्टिकची बाटली? पोरी हसतील." तिनं मला उचललं. मी वाजले. तिचा हात थांबला. "आबा, भरलेली न्हाईतर रिकामी, तुम्हीच शिकवलंय."

"तुझ्या आज्जीनं ठेवलेलं पाणी हाय ते."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. नंतर पितो म्हणलो मी."

दीपमालानं मला त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि शेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळानं ते उठले. शेतात ज्या बाभळीखाली दोघं भाकरी खात, तिथं गेले. थोडं पाणी तळहातावर घेऊन डोळ्यांना लावलं. बाकीचं मुळाशी ओतलं. माझ्यातून शेवटचा थेंब पडेपर्यंत मला पालथं धरून उभे राहिले. मग मला राखेनं घासून, उकळत्या पाण्यानं धुऊन, त्यांनी स्वतः भरून नातीच्या खांद्याला लावलं.

दहा दिवसांनी एसटीतून उतरून दीपमाला घराकडं निघाली. शेषेराव आत खाटेवर पडले होते. ती अंगणात यायच्या आधीच ते उठून बसले. मी वाजत होते.

"अर्धं ठेवलंय आबा, तुमच्यासाठी."

त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि उभ्यानंच सगळं पाणी संपवलं. पाणी कोमट होतं.

मित्रांनो, मला जपणं अवघड नाही. धुऊन उन्हात पालथी घाला, बूच हरवू नका, पोचा आला म्हणून फेकू नका. पण आपल्या माणसानं तुमच्यासाठी घोट राखून ठेवला, तर तो त्याच्यासमोर प्या. रिपोर्ट पाच मिनिटांनी आणला तरी चालतो.

आता मी स्वच्छ आहे, कोरडी आहे. शेषेराव अजूनही रोज सकाळी मला कानाशी नेऊन हलवतात. सवय आहे. मी काही बोलत नाही.