बुंदीच्या रंगाचा स्वेटर

छबूबाई आषाढात गेली आणि सहादेवनं तिची पेटी उघडली ती थेट मार्गशीर्षात. तीही गरज पडली म्हणून. संगमनेरजवळच्या अकोल्याच्या पुढं, राजूरच्या अंगाला थंडी पडते ती हाडात शिरणारी, आणि घरातल्या जाड चादरी कुठं असतात हेच त्याला ठाऊक नव्हतं. तेहतीस वर्षं संसार झाला, पण थंडीत तो घरी असायचा कधी? सहादेव आचारी माणूस. तुळशीचं लग्न लागलं की त्याच्या कढया आणि झारे टेम्पोत चढायचे ते ज्येष्ठ उजाडेपर्यंत खाली उतरायचे नाहीत. संगमनेर, सिन्नर, नारायणगाव, सांगावा येईल तिकडं. मधे दोन दिवस घरी यायचा, ते झोपून काढायचा आणि परत जायचा. पोरबाळ झालं नाही. छबूबाई एकटी राहायची, पण ती एकटी असते, असं कधी त्याच्या मनात आलं नव्हतं.

यंदा त्यानं एकही सुपारी घेतली नाही. विचारायला आलेल्यांना तो गुडघे दाखवायचा. गुडघे दुखत होते हे खरं, पण ते मागच्या साली याहून जास्त दुखत होते.

पेटीत चादरींच्या खाली एक स्वेटर निघाला. पाठ झालेली, पुढचे दोन्ही भाग झालेले, एक बाही लावलेली. दुसरी बाही नव्हतीच. सुया तशाच एका कापडात गुंडाळून, संगमनेरच्या लोकरीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेल्या. दोन-चार वर्षांनी ती त्याच्यासाठी एक स्वेटर विणायचीच, तेव्हा हा आपलाच, असं त्यानं धरून टाकलं. बराच वेळ तो स्वेटर मांडीवर घेऊन बसला. मग त्याला वाटलं, एवढं काम अर्धं राहायला नको.

दोन घरं सोडून लंकाबाई राहायची. ती आणि छबूबाई एकाच माहेरगावच्या. म्हणून ती सहादेवला दाजी म्हणायची आणि तो तिला आक्का. सत्तरी ओलांडलेली, नवरा कधीच गेलेला, लेक नाशिकला. सहादेवनं स्वेटर तिच्यापुढं ठेवला.

"आक्का, एवढी एक बाही घालून द्याल का?"

लंकाबाईनं स्वेटर उलटापालटा करून पाहिला. त्याच्यावरून हात फिरवला. काही बोलायचं मनात आलं आणि ते तिनं गिळलं, असं सहादेवला वाटलं.

"घालते की. लोकर आना हीच. दुसरी चालायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी स्वेटर घेऊन तो एसटीनं संगमनेरला गेला. बाजारपेठेतलं लोकरीचं दुकान एका म्हाताऱ्या गृहस्थाचं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून धागा उजेडात धरला.

"हा रंग आमच्याकडं कधी नव्हता."

"इथूनच नेलेली हाय लोकर. पिशवी तुमचीच हाय."

"लोकर आमचीच. पण पांढरी. राजूरकडच्या एक बाई यायच्या, सावळ्या, कपाळावर गोंदलेलं. खरी लोकर द्या म्हणायच्या, ही नकली रंग धरत नाही." त्यांनी मागच्या फळीवरून धुळीची पिशवी काढली. "त्यांच्याशिवाय ही कोणी मागतच नाही हल्ली. तुम्ही त्यांचे कोण?"

"घरातला," सहादेव म्हणाला. त्यानं चार पांढऱ्या लड्या घेतल्या आणि म्हाताऱ्यानं आणखी काही विचारायच्या आत तो रस्त्यावर आला.

एसटीत खिडकीशी बसून त्यानं स्वेटर पुन्हा काढला. उन्हात धरला. आणि मग त्याला तो रंग ओळखू आला. नुसता केशरी नव्हता तो. मोतीचुराच्या बुंदीला सहादेव केशरी रंगात दोन चिमटी लाल टाकायचा, वर किंचित पिवळा. त्यामुळं बुंदीला तूप न टाकताही तुपाची झाक यायची. ते प्रमाण त्यानं हाताखालच्या माणसांनाही सांगितलेलं नव्हतं. रंग कालवायची वेळ आली की तो पाठ फिरवून बसायचा. छबूबाईनं ते कधी पाहिलं असेल? तिच्या भाचीच्या लग्नात ती भट्टीमागं लसूण सोलत बसली होती, तेव्हा? त्या दिवशी तो तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता. कामात होता.

घरी येऊन त्यानं रंगाच्या डब्या काढल्या. केशरीची डबी तळाला गेलेली. मागं एकदा ती हलकी लागली होती, तेव्हा हाताखालच्या कोणीतरी सांडला असेल म्हणून त्यानं ती तशीच ठेवली होती. तो रंग कुठं गेला ते त्याला आत्ता कळलं.

रंगाचं काम म्हणजे आपलं काम, असं समजून तो कामाला लागला. मोठं पातेलं घेतलं, गॅस मोठा केला, रंग कालवला, लडी आत सोडली आणि झाऱ्यानं ढवळत राहिला. पाण्याला खळखळून उकळी आली. बुंदीचा पाक असता तर एकतारी झाला असता. तासाभरानं त्यानं लडी बाहेर काढून नळाखाली धरली. अर्धा रंग पाण्याबरोबर मोरीत गेला आणि हातात उरली ती लोकर नव्हती. धागा धाग्याला चिकटून, आवळून त्याचा घट्ट गोळा झाला होता. घोंगडीचा तुकडा असावा तसा.

तो गोळा घेऊन तो लंकाबाईकडं गेला.

"ढवळलं का?" तिनं पाहताक्षणी विचारलं.

"व्हय."

"उकळी आनली आसंल चांगली. न् वर गार पानी." तिनं मान हलवली. "छबीनं पयल्यांदा आसंच केलं हुतं. माज्याच चुलीवर. लई हसलो हुतो आमी."

सहादेव उंबऱ्यावर टेकला. "म्हंजे तुमाला ठावं हुतं."

"ठावं हुतं की. तुमी इचारलं न्हाई."

"तिनं मला का न्हाई सांगितलं?"

लंकाबाई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. "तुमी घरी कधी हुता, दाजी?"

ती रागानं बोलली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. राग असता तर उत्तर देता आलं असतं. मग तिनंच ताट बाजूला सारलं आणि सांगायला लागली. लोकर आधी कोमट पाण्यात भिजत घालायची. रंगाच्या पाण्यात लिंबाचं सत्त्व टाकायचं, आंबटाशिवाय रंग चिकटत नाही. आच बारीक, वाफ दिसली पाहिजे पण बुडबुडा नको. आणि हात लावायचा नाही. पाण्यातला सगळा रंग लोकरीनं ओढून घेतला की खालचं पाणी पांढरं होतं. मग त्यातच गार होऊ द्यायची.

"किती वेळ लागतो?"

"लागंल तेवढा. छबी म्हनायची, लोकरीला ढवळायचं न्हाई, नुसतं तिच्यापाशी बसायचं."

तसा तो बसला. दुपारची वेळ, घरात आवाज नाही. आयुष्यभर त्यानं पाचशे पानांचं जेवण केलं होतं, कानाशी सतत कोणीतरी ओरडत असायचं, मीठ झालं का, पंगत बसली का. एका जागी मुकाट बसून काही शिजताना त्यानं पाहिलं नव्हतं. पातेल्यात लडी तरंगत होती. तिच्या कडा आधी रंगल्या, मग रंग आत आत सरकला. सहादेवच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. अशा किती दुपारी ती इथं बसली असेल? तो तिला फोन करायचा तो रात्री नऊला, पंगती उठल्यावर. जेवलीस का, जेवले, बरं ठेवतो. त्यातल्या कुठल्या दिवशी तिनं लोकर रंगवली होती? सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं का? नसतं ऐकलं. "रंग कशाला वाया घालवतेस," एवढंच तो म्हणाला असता. हे त्याला नक्की माहीत होतं.

चार वाजायच्या सुमाराला पातेल्यातलं पाणी स्वच्छ झालं.

वाळल्यावर रंग छबूबाईच्या रंगापेक्षा जरा गडद उतरला. लाल चिमटीभर जास्त पडला होता. त्यानं दुसरी लडी रंगवून पाहिली, ती फिकी आली. शेवटी लंकाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. हीच घालते."

बाहीला दहा दिवस लागले. तो रोज तिसऱ्या प्रहरी तिच्या ओट्यावर जाऊन बसायचा, कधी दूध न्यायचा, कधी वाटीभर शिरा. ती विणायची आणि छबूबाईचं काही ना काही सांगायची. खोकला सुरू झाला तेव्हा ती दिवाळीनंतर आठ दिवस लंकाबाईकडं झोपायला होती. तिला पाठीत थंडी भरायची. सहादेवला खोकला माहीत होता, थंडीचं माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी लंकाबाईनं बाही जोडली, धागा दातानं तोडला आणि स्वेटर त्याच्या हातात दिला. त्यानं तो अंगात घालायला घेतला. खांदा वर चढेना.

"तुमच्या अंगाचा न्हाई तो," ती हळू म्हणाली. "काजं कुठल्या पट्टीला हायेत बगा. बाईमानसाचा हाय."

"कुनाचा?"

"तिचाच. जलमभर दुसऱ्यांचं इनलं. म्हनाली, आक्का, ह्यो एक मी माज्यासाटी घालनार. जीव लई गारठतो."

सहादेवनं बाहीतून हात काढून स्वेटर मांडीवर ठेवला. घडी घालायला गेला तर घडी जमेना. लंकाबाई उठून आत गेली आणि बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "आक्का, तुमीच घाला हा. तुमच्या अंगाची चन तिच्यासारखीच हाय."

"नगं. माज्या अंगावर बगून तुमाला रोज तरास."

तो स्वेटर घेऊन घरी आला. खुंटीला लावला. पण खुंटीला लावलेला स्वेटर जेवताना समोर दिसायचा, म्हणून त्यानं तो पेटीत ठेवला, आणि पेटीत ठेवल्यावर घर आणखी रिकामं वाटायला लागलं. दोन दिवसांनी पुन्हा बाहेर काढला. असं तीन-चारदा झालं. एकदा त्यानं तो उशाला घेतला, पण लोकर गालाला टोचली.

पौषात गारठ्यानं कहर केला. भाताच्या खाचरांवर सकाळी पांढरं दिसायला लागलं. अशाच एका सकाळी दारात लंकाबाई उभी. डोक्यावरून पदर घट्ट आवळलेला, ओठ काळेनिळे.

"दाजी, द्या तो," ती म्हणाली. "माजं बोलनं ऱ्हाऊ द्या बाजूला. ह्या थंडीत मरायची मी."

त्यानं आतून स्वेटर आणून दिला. तिनं तिथंच लुगड्यावरून घातला, बटणं लावली. खांद्याला नीट बसला. लांबीही बरोबर. सहादेव बघत राहिला आणि मग त्यानं मान दुसरीकडं वळवली.

"कसा हाय?"

"चांगला बसलाय."

"ऊबदार हाय," ती म्हणाली, आणि घरांमागच्या बांधावरून आपल्या घराकडं निघाली. अजून ऊन आलं नव्हतं. सगळं शिवार राखाडी होतं आणि त्यात तेवढाच एक रंग हलत होता, एक बाही जरा गडद. पाठमोरी ती कोणीही असू शकली असती. सहादेव दारात उभा राहिला. तिनं वळून पाहावं असं त्याला वाटलं, आणि तिनं पाहिलं तर ती लंकाबाई असेल, म्हणून पाहू नये असंही वाटलं. ती वळली नाही. घराच्या कोपऱ्याआड गेली.

"चांगला केलास गं," तो म्हणाला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. मग तो अंघोळीचं पाणी तापवायला आत गेला.