पवित्र्याचं वाक्य

"अक्का, तात्ता लाठी शिकवायचे तेव्हा काय म्हणायचे, सांग की!" अनंतकृष्णरावांनी तिसऱ्यांदा विचारलं. पलंगावर पडलेली त्यांची थोरली बहीण त्रिपुरसुंदरी छताकडे बघत राहिली.

मैलापूरहून दोन बस बदलून राव चेन्नईच्याच अण्णा नगरात आले होते, ते एका वाक्यासाठी. निवृत्त झाल्यावर या माणसाने घरच्या तंजावरी मराठीचा कोश करायला घेतला होता. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी छापणारही नव्हतं. पण शिस्त रेल्वेतल्या कारकुनाची! शब्द दुसऱ्याच्या तोंडून, वाक्यात ऐकल्याशिवाय चिठ्ठीवर चढवायचा नाही. एकट्याने बोललेली ती कसली भाषा, असं ते म्हणत.

'पवित्रा'चा अर्थ लिहून झाला होता. लाठी खेळताना पाय असा टाकायचा, की समोरचा चकावा, त्याचा वार फुकट जावा आणि आपला लागावा. वाक्याची जागा मात्र रिकामी होती. लहानपणी आई रागावून आली की अक्का त्यांच्या कानात तात्तांचं, म्हणजे आजोबांचं, ते पवित्र्याचं वाक्यच कुजबुजायची आणि दोघं दोन दारांनी पसार व्हायची. ते नेमके शब्द काही केल्या आठवत नव्हते. ते ठाऊक असलेली अक्का तेवढी उरली होती, आणि महिन्यापूर्वी तिला पक्षाघात झाला होता.

"मामा, कशाला त्रास करून घेता?" तिची सून सहाना म्हणाली. "अम्मा आता तमिळच बोलतात. मराठी येणार नाही परत, डॉक्टर म्हणाले."

"असं कसं? सत्तर वर्षं आम्ही दोघं दुसरं काही बोललो नाही!"

राव तडक उठले. कमरेची वेष्टी सावरून त्यांनी डावा पाय पुढे टाकला, झटकन उजवीकडे वळले आणि भिंतीला धरून कसेबसे उभे राहिले.

"हे बघ, अक्का. याला काय म्हणतात? बोल की गं!"

अक्काने आता त्यांच्याकडे पाहिलं. ती घाबरली होती.

"नी यारप्पा?" तिने विचारलं. तू कोण, बाबा?

राव खुर्चीत बसले. त्यांना रडू येत होतं, पण सुनेसमोर रडायची लाज वाटली. बऱ्याच वेळाने त्यांचं लक्ष अक्काच्या कोरड्या ओठांकडे गेलं.

"मोर वेणुमा?" त्यांनी हळूच विचारलं. ताक हवं का, एवढी साधी गोष्टसुद्धा त्यांनी तिला उभ्या जन्मात तमिळमधून विचारली नव्हती.

"कोंजम," ती लगेच म्हणाली, आणि हसली. थोडंसं.

राव चमच्याने तिला ताक पाजू लागले, आणि ती जे जे विचारी त्याला तमिळमध्येच उत्तरं देत राहिले.