शंट्याला भेटायला रिकाम्या हाताने या

पुरे
(अर्थ: थांबा. इंदूच्या स्वयंपाकघरात अर्थ: आणखी थोडं वाढा.)

दामोदरने भातावर आडवा हात धरला. "पुरे, इंदू."

"पुरे कसं? कोरडा भात काय खायचा?" इंदूने तुपाची तामली कलती केली आणि त्याच्या बोटांच्या फटीतून बरोबर धार सोडली. या कामात तिचा हात बसलेला होता.

"अगं, डॉक्टरांनी तूप बंद सांगितलंय मला."

"डॉक्टरांना काय जातंय सांगायला! एवढ्याशानं काही होत नाही."

दामोदरने बोटं चाटली आणि भात कालवला. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. रेल्वेच्या वर्कशॉपातली त्याची नोकरी दोघांना सांगलीहून झाशीला घेऊन आली. सीपरी बाजारातल्या एका गल्लीत त्यांनी घर केलं, मुलगा मोठा होऊन दूर गेला, हिंदी जिभेवर बसली. पण पानावरचा आग्रह काही सुटला नाही. 'पुरे' ऐकून जी थांबते तिला वाढायची हौसच नाही, अशी इंदूची साधी समजूत.

नागरिकहो, असा आडवा हात तुमच्याही घरात असेल. त्याचं तुम्ही काय करता ते इतक्यात सांगू नका. आधी शंट्याचं ऐका.

बस
(मराठीत: खाली बैस. हिंदीत: झालं, थांबा. शंट्याच्या भाषेत: आता तोंडात काहीतरी पडणार.)

शंट्या गल्लीतच जन्मला. तांबूस कुत्रा, एक कान मोडलेला. यार्डात शंटिंगचं इंजिन करतं तसा दिवसभर फाटकापासून ओसरीपर्यंत पुढे-मागे, पुढे-मागे. म्हणून दामोदरने त्याचं नाव शंट्या ठेवलं. झोपायला तो यांच्या ओसरीवर, पण मालकी साऱ्या गल्लीची. कोपऱ्यावरचा कचोरीवाला मुकेश त्याला 'शंटू' म्हणायचा.

दामोदरने त्याला एकच गोष्ट शिकवली होती. "बस" म्हटलं की मागचे पाय मुडपून बसायचं आणि पुढचा उजवा पाय उचलायचा. मग अर्धं बिस्कीट. गल्ली या खेळावर फिदा होती. झाशीच्या भर बाजारात मराठी समजणारा कुत्रा!

गाठ

एका सकाळी शंट्या पुढे-मागे करेना. मुकेशच्या कचोरीकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. दुपारपर्यंत ओकून ओकून त्याचं पोट फुगलं आणि तो कण्हायला लागला. दामोदरने त्याला चादरीत गुंडाळलं, मुकेशने रिक्षा थांबवली आणि इंदू त्याचं डोकं मांडीवर घेऊन खंडेराव गेटच्या बाजूच्या दवाखान्यात पोचली.

डॉक्टर कल्याणी तरुण होती, बोलणं तुटक. एक्स-रे काढला आणि लगेच ऑपरेशनला घेतलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्टीलची ताटली होती आणि ताटलीत एक प्लास्टिकची पिशवी. चोळामोळा झालेली, पण गाठ अजून तशीच घट्ट.

"किसी ने पूरियाँ बाँधकर फेंकी थीं," ती म्हणाली. "कुत्ता गाँठ थोड़े ही खोलेगा! थैली समेत निगल गया. आँत में फँसी थी."

इंदू त्या गाठीकडे बघत राहिली. उरलंसुरलं अन्न पिशवीत बांधायचं, कोपऱ्यावर ठेवायचं आणि 'मुक्या जिवाच्या तोंडी लागेल' असं म्हणून हात झटकायचे, हे गल्लीतलं प्रत्येक घर करत होतं. तिचंही. ती पिशवी आपली नव्हे, असं तिला छातीवर हात ठेवून सांगता आलं नाही.

"वाचेल ना?"

"बचेगा, अगर आप लोग बचने देंगे. आँत में टाँके हैं. सिर्फ़ पतला उबला चावल, थोड़ा-थोड़ा, दिन में कई बार. दूध नहीं, मिठाई नहीं, तेल-मसाला नहीं, बाहर का कुछ नहीं. दस्त लगे, उल्टी हुई तो इसमें ताक़त नहीं बची है. और टाँका खुल गया तो..." तिने वाक्य तिथेच सोडलं.

भेटीगाठी

टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात नरसाळ्यासारखी प्लास्टिकची चाडी अडकवलेला शंट्या ओसरीवर आला आणि बातमी गल्लीभर झाली. आजाऱ्याला बघायला कुणी मोकळ्या हाताने येतं का?

"काय भाभीजी, कैसो है अपनो शंटू?" मुकेश फाटकातूनच ओरडला. हातात द्रोण.

"ठीक है मुकेश भैया, लेकिन उसको कुछ देना नहीं."

"अरे, हम का पगले हैं! मूँग को हलुआ है, एकदम हल्को."

"नहीं नहीं. बस, बस!"

'बस' कानावर पडताच शंट्या धडपडत उठला. टाके ओढले गेले असणार, तो विव्हळला. तरीही मागचे पाय मुडपून बसला आणि पुढचा उजवा पाय उचलला.

"देखो! माँग रओ है बिचारो!" मुकेशच्या डोळ्यांत पाणीच आलं. हलव्याचा घास चाडीच्या आत.

इंदू घाबरली. घाबरली की तिच्या तोंडी मराठी यायची. "पुरे! पुरे!"

"पूरो? पूरो दे दें?" आणि मुकेशने द्रोण उपडा केला.

ओसरीच्या आत दामोदर कपाळाला हात लावून हसत होता. पण तो फार वेळ हसला नाही. कारण मुकेशच्या मागे खीर आली, खिरीमागे दुधात कुस्करलेली पोळी, त्यामागे कुणाच्या तरी घरचा सत्यनारायणाचा प्रसाद. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? प्रत्येक वेळी इंदू म्हणायची, "बस!" आणि प्रत्येक वेळी तो वेडा जीव बसायचा, पाय उचलायचा. शिकवलेलं तो विसरत नव्हता. हाच त्याचा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी शंट्याला जुलाब लागले. पाण्यासारखे.

इंदू तडक कोपऱ्यावर गेली. गिऱ्हाइकांसमोर तिने मुकेशला झाडलं. "मना किया था ना? जान लोगे क्या उसकी? तुमको प्यार दिखाने का शौक़ है, भुगतता वो है!"

मुकेशच्या हातातला झारा कढईवर तसाच राहिला. त्या दिवशी त्याने दुकान लवकर बंद केलं.

इंदूने फाटकाला कुलूप घातलं.

तूप

कुलूप लागलं तरी जुलाब थांबेनात.

हे मात्र इंदूला समजेना. बाहेरून कुणी येत नव्हतं. भात ती स्वतः शिजवत होती, मऊ, अगदी तान्ह्या बाळाला देतात तसा. वाडग्यात कालवून स्वतःच्या बोटांनी भरवत होती. तरी शंट्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. मग तो पुन्हा ओकला. हाक मारली तर शेपटीचं फक्त टोक हलायचं. दामोदरने कामावर फोन करून रजा टाकली आणि पुन्हा रिक्षा बोलावली.

कल्याणीने पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला, मशीन लावून आतलं पाहिलं. "टाँके अभी ठीक हैं. क़िस्मत है. लेकिन पेट क्यों नहीं सँभल रहा? क्या-क्या दिया?"

"कुछ नहीं. फाटक को ताला है. सिर्फ़ चावल, मेरे हाथ से."

"और चावल पर?"

"चावल पर कुछ नहीं. तूप."

"तूप?"

"घी." दामोदरने छताकडे बघत सांगितलं.

"लेकिन घर का है!" इंदू घाईने म्हणाली. "मलाई से मैं खुद निकालती हूँ. बाहर का नहीं है."

कल्याणीने सलाईनची सुई नीट बसवली, चिकटपट्टी लावली आणि मग इंदूसमोर स्टूल ओढून बसली.

"आंटीजी, कचौरीवाले का हलुआ और आपका घी, इसकी आँत को फ़र्क़ नहीं मालूम. उसको चिकनाई मालूम है, बस. यह नहीं मालूम कि किसने कितने प्यार से डाली."

पेशंटच्या टेबलावर शंट्याचे मागचे पाय मुडपायला लागले. 'बस' ऐकलं होतं त्याने. सलाईन लागलेला पुढचा पाय थरथरत वर आला. कल्याणीने तो हळूच धरून खाली ठेवला.

"पण तुपाशिवाय भात..." इंदूचा आवाज बारीक झाला. "हमारे यहाँ किसी को ऐसा सूखा नहीं परोसते. अच्छा नहीं लगता."

"किसको अच्छा नहीं लगता? खाने वाले को, या परोसने वाले को?"

इंदूने टेबलाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे शंट्याचा पाय नव्हताच. तिथे एक आडवा हात होता. भातावर धरलेला, बोटांच्या फटीतून तूप गळणारा. "डॉक्टरांनी बंद सांगितलंय मला," असं किती वर्षं म्हणणारा!

अरे देवा! आपण कुणासाठी वाढत होतो?

मुकेशला आपण काय म्हणालो होतो? प्रेम दाखवायची हौस तुम्हाला, भोगतो तो! भर बाजारात म्हणालो होतो. आणि घरी येऊन तामली कलती केली होती!

ती दामोदरकडे वळली. तो अजून छताकडेच बघत होता, बिचारा.

खाली हाथ
(हिंदीत: रिकाम्या हाताने. आजवर अर्थ: शरमेची गोष्ट.)

बिनतुपाचा भात शिजवायला इंदूला कष्ट पडले नाहीत. तो वाडग्यात घालताना पडले. हात आपोआप फळीवरच्या तामलीकडे जायचा. ती तो मागे घ्यायची. कल्याणीने दिलेली क्षारांची पावडर पाण्यात कालवून ती चमच्याने पाजायची, थांबायची, पुन्हा थोडा भात. शंट्याने मागितला तरी थोडाच. पोट सांभाळायला लागलं. मग एका सकाळी तो उठला, फाटकापर्यंत गेला, परत ओसरीवर आला. पुढे-मागे!

इंदूने कुलूप काढलं आणि ती कोपऱ्यावर गेली. मुकेशने तिला पाहून नजर कढईत घातली.

"मुकेश भैया, मैंने बहुत सुनाया तुमको. सबके सामने. तो अब सबके सामने बोलती हूँ, घी मेरा था. तुम्हारे बाद भी मैं खिलाती रही."

गिऱ्हाइकं कचोरी चावायची थांबली.

मुकेशने झारा निथळवला. "मतलब आधो दोष हमाओ, आधो आपको?"

"आधा थैली बाँधने वालों का रखो. उसमें भी हम दोनों होंगे."

तो हसला. हसला म्हणजे मिटलं.

"शाम को आना उसको देखने. सबको बोल देना. लेकिन खाली हाथ."

"बीमार के घर? खाली हाथ?" मुकेशचा चेहराच पडला. "अच्छो लगहै?"

"तुमको नहीं लगेगा. उसको लगेगा."

संध्याकाळी तो आला. साबणाने हात धुऊन, कोपरापर्यंत. मागे गल्लीतली आणखी चार माणसं, आपापले मोकळे हात कुठे ठेवायचे ते न कळून ताटकळत उभी. मुकेश ओसरीवर टेकला आणि म्हणाला, "बस, शंटू."

शंट्या बसला. पाय उचलला. मुकेशने तो पाय हातात घेतला, दुसरा हात चाडीच्या आत घालून मोडका कान खाजवला. शंट्याने तळवा हुंगला. एकदा, दोनदा, बोटांच्या मधूनही. काही नव्हतं. मग त्याने एक लांब श्वास सोडला आणि हनुवटी त्या रिकाम्या तळव्यात ठेवून दिली.

"अब हाथ कैसे निकालें?" मुकेश कुजबुजला.

आता त्या गल्लीत उरलेलं अन्न पिशवीतून कोपऱ्यावर जात नाही. नळाजवळ एक जुनी परात ठेवली आहे. त्यात मोकळं घालायचं, मसाल्याचं-तळलेलं वगळून. पिशवी आपल्या घरी न्यायची. कुणी विसरलं तर मुकेश दुकानातून ओरडतो, "गाँठ खोलो भैया, गाँठ!"

पुरे
(अर्थ: थांबा.)

टाके निघाले, चाडी निघाली. त्या रविवारी दामोदर जेवायला बसला. इंदूने मऊ भाताचं वाडगं ओसरीवर ठेवलं आणि आत येऊन त्याला भात वाढला. फळीवरून तामली घेतली. दामोदरने सवयीने पानावर आडवा हात धरला.

"पुरे, इंदू."

तामली थांबली. अधांतरी, थोडी कललेली. एक थेंब काठाशी जमा झाला. इंदूने तो बोटाने पुसून घेतला आणि तामली फळीवर परत ठेवली.

नागरिकहो, देणाऱ्याचा हात मोठा म्हणतात, आणि खरंच आहे ते. पण समोरच्याला काय पचतं हे विचारून जो हात वेळेवर थांबतो, तोही देतच असतो. माणसाला 'पुरे' म्हणता येतं, तरी आपण ऐकत नाही. मग ज्याला म्हणताच येत नाही, त्याच्यासाठी ते आपणच म्हणायला नको का?

"आज काय विशेष?" दामोदरने विचारलं.

"जेवा गुपचूप."

तो जेवायला लागला. पण बराच वेळ एका हाताने जेवत होता आणि दुसरा पानावर आडवा धरून होता. न जाणो!